बेलापूर पाण्यावरून बघावं

जमिनीवरून बेलापूरचा किल्ला कळत नाही. सिडकोच्या रस्त्यांनी वेढलेली बुटकी टेकडी, पडक्या भिंती, वर माजलेली झुडपं. मला तो कळला दिवाळे कोळीवाड्यातल्या एका काकांच्या होडीतून.

ओहोटी लागली तशी त्यांनी होडी सोडली. पनवेल खाडीच्या मुखाशी आल्यावर म्हणाले, "आता मागं बघा." टेकडी नेमकी तोंडावर उभी! पनवेल बंदराकडे जाणारं गलबत तिच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. म्हणून तर सोळाव्या शतकात सिद्दीने इथे किल्ला बांधला, १६८२ मध्ये तो पोर्तुगीजांकडे गेला, पुढच्या शतकात मराठ्यांनी घेतला आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी. किल्ला हाती आला तर अमृतेश्वराला बेलाचा हार वाहीन, असा चिमाजी अप्पांनी नवस बोलला होता म्हणतात. काकांनी तो असा सांगितला की जणू हार त्यांच्याच घरातून गेला होता.

पण मला त्या दिवशी खरं गुंतवून ठेवलं ते गावांनी. उधाणाचं पाणी चढत नाही तिथे घरं. त्याखाली मातीचे बांध घालून राखलेली खारजमीन, तिच्यात भात. मग मिठागरं, तिवरं, चिखल. आगरी-कोळ्यांनी पाण्याची चाल ओळखून हा काठ वसवला होता. १९७० मध्ये सिडको आली, ९५ गावांच्या जमिनींवर शहर उभं राहू लागलं आणि भातखाचरांना सेक्टरांचे आकडे मिळाले. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्यांच्या रक्तातून आली आहे, हे इथे घर घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

काकांनी पलीकडच्या काठाकडे हात केला. विमानतळासाठी तिथे उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचं पात्र वळवलं. "पानी आपली वाट शोधनारच," ते म्हणाले आणि जाळ्याकडे वळले. बोईट, कोळंबी पूर्वीसारखी लागत नाही, याचा हिशेब ते बराच वेळ सांगत होते.

किल्ल्याची डागडुजी व्हायलाच हवी. आणि तिथे सनावळीच्या फलकाशेजारी या खाडीचा नकाशा लावावा: शहाबाज, दिवाळे, करावे या गावांसह, जुन्या बांधांसह आणि मिठागरांसह.