तळव्याखालचा मऊपणा

यवतेश्वराचा घाट चढताना पायांचं काम एक असतं आणि उतरताना अगदी वेगळं. चढावर पोटऱ्या राबतात, टाच जमिनीला जेमतेम शिवते. वेग इतका खाली आलेला असतो की कठड्यावरचं शेवाळ, दगडांच्या फटीतून उगवलेला तेरडा, धुक्यात बुडालेला सातारा, सगळं सावकाश बघून होतं. उतारावर बघायला सवड नसते. टाच आधी आदळते, मांड्या लगाम ओढून धरतात. सपाट रस्त्यावर धावतानासुद्धा प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार एका पायावर येतो. उतारावर त्याहून जास्त. सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच रस्त्याने कासच्या दिशेला चढते आणि याच रस्त्याने परत येते. अर्धी शर्यत पोटरीची, अर्धी गुडघ्याची. शूजचा जोड मात्र एकच.

यंदा तो जोड निवडायचा होता, आणि निवड होकाचा क्लिफ्टन आणि असिक्सचा जेल-निंबस या दोहोंवर येऊन थांबली होती. दोन्ही मऊ, दोन्ही जाड तळाचे, दोन्हींची किंमत १५ हजारांच्या आसपास. एवढे पैसे शूजवर घालायचे म्हणजे आमच्या घरात चार दिवस विचार होतो, आणि तो व्हायलाच हवा.

पुण्यातल्या दुकानात मुद्दाम संध्याकाळी गेले. दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात, धावतानाही फुगतात, त्यामुळे सकाळी नेमका बसलेला शूज दहाव्या किलोमीटरला बोटं आवळतो. दुकानातल्या मुलाने उजव्या पायात क्लिफ्टन चढवला, डाव्या पायात निंबस. “काकू, या टोकापासून त्या टोकापर्यंत पळा. घाई नाही, दुसरं गिऱ्हाईक आलं तरी थांबेल.” तो स्वतः धावणारा होता हे त्याच्या पोटऱ्यांवरूनच कळत होतं.

उजवं पाऊल टेकतं न टेकतं तोच पुढे कलायचं. क्लिफ्टनचा तळ डुलत्या खुर्चीच्या पायांसारखा पुढच्या बाजूला वर वळवलेला आहे, त्यामुळे पाऊल टाकलं की ते आपणहून पुढे लोटलं जातं, घोट्याला फारसं वाकावं लागत नाही. डावं पाऊल टाचेवर खोल बसायचं, निमिषभर तिथेच राहायचं आणि मग उचललं जायचं. निंबसच्या टाचेत जेलचा तुकडा असतो. जुन्या निंबसमध्ये तो बाहेरून दिसायचा, आता फोमच्या आत दडवलेला आहे. उजवा पाय हलका, डावा भरीव. हातात घेतले तरी फरक लगेच जाणवतो. मी दोन-तीन फेऱ्या अशा मारल्या आणि मनाने उजव्या पायाचीच बाजू घेतली. इतकं गोड लोटणं पायाला फार क्वचित मिळतं.

या मऊपणाचा इतिहास फार जुना नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यावर ईव्हीए नावाचा फोम धावण्याच्या बुटांच्या तळात आला. बंद बुडबुड्यांत कोंडलेली हवा पावलागणिक दबते आणि पुन्हा फुगते, एवढीच त्याची करामत. तो उन्हाने सैल पडतो, थंडीत कडक होतो, आणि काहीशे किलोमीटरनंतर बुडबुडे चेपले जाऊन मरून जातो. वरून शूज नवाकोरा दिसतो आणि आत काही उरलेलं नसतं. असिक्सने १९८६ मध्ये जेल आणलं. पण मला सगळ्यात जवळची वाटते ती होकाची गोष्ट. २००९ मध्ये निकोला मेरमू आणि जाँ-लुक दियार या दोन फ्रेंच माणसांनी ती कंपनी काढली, कारण त्यांना डोंगर उतरताना जोरात धावायचं होतं. तो अवाढव्य तळ शहरातल्या रस्त्यासाठी नव्हता, आल्प्सच्या उतारांसाठी होता. उतारावर गुडघ्यांची काय गत होते हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते वाचलं तेव्हा मला त्या अनोळखी माणसांबद्दल माया वाटली.

त्याच वर्षी क्रिस्टोफर मॅकडुगल यांचं ‘बॉर्न टू रन’ आलं आणि जगभर लोक नेमकं उलट बोलू लागले: बूट काढा, अनवाणी धावा, पायांना जमीन कळू द्या. आमच्या धावणाऱ्या मंडळींतही अजून कुणी ना कुणी हा विषय काढतंच, आणि मग अबेबे बिकिला यांचं नाव येतं. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते अनवाणी मॅरेथॉन जिंकले, हे खरं. पण चार वर्षांनी टोकियोत ते बूट घालून धावले, पुन्हा जिंकले, आणि तीन मिनिटांहून लवकर पोचले. ही दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. आपल्याकडे बारामतीला साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारी लुगड्यात अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांची शर्यत जिंकल्या. त्यांना आजारी नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवे होते. त्यांच्या अनवाणी पायांचे फोटो प्रेरणा म्हणून पाठवले जातात तेव्हा माझ्या जिवाला लागतं. त्या बाईंच्या पायात चांगला जोड असायला हवा होता. तिथे नसलेल्या बुटाचा गौरव मला करवत नाही.

तरीही अनवाणी म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट अशी आहे जी मी दुकानात त्या दोन वेगवेगळ्या शूजमध्ये उभी असताना विसरू शकत नव्हते. पाय गप्प बसत नाही. खाली मऊ लागलं की तो स्वतः ताठ होतो, खाली कडक लागलं की वाकून घेतो. फिनलंडमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मोजून दाखवलं की खूप गादी असलेल्या शूजमध्ये जोरात धावताना पाय जास्त ताठ राहतो आणि आदळण्याचा भार उलट वाढतो. आणि २०२० मध्ये लक्झेंबर्गमध्ये ८४८ हौशी धावणाऱ्यांना दिसायला सारखेच, पण काहींना मऊ आणि काहींना कडक तळाचे शूज देऊन पाहिलं, तेव्हा दुखापती कडक तळावाल्यांना जास्त झाल्या. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की आधी गोंधळायला होतं. मला त्यातून एवढंच उमगतं, की फोम भार गिळून टाकत नाही. तो भार कुठे जाईल, कधी जाईल, हे थोडंफार ठरवतो.

म्हणून टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक मला गादीच्या जाडीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. मी पाहिलेल्या नवव्या क्लिफ्टनमध्ये तो ५ मिलिमीटर होता, निंबसमध्ये ८. तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण टाच जितकी खाली, तितकी पोटरी आणि टाचेमागची शीर ताणली जाते. टाच जितकी वर, तितका भार गुडघ्याकडे सरकतो. म्हणजे शूज निवडताना खरं तर आपल्या शरीरातला कुठला अवयव जास्त राबेल हे निवडायचं असतं, आणि त्यासाठी आपलं शरीर माहीत असावं लागतं. गुडघे माझे अजून शाबूत आहेत, आईचे होते तसे. टाचेमागची शीर मात्र सकाळी अंथरुणातून उठताना आखडलेली असते, पहिली चार पावलं मी भिंतीला धरून टाकते. घाटाचा चढ सगळा त्या शिरेवरच असतो.

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं. तो खाली बसला, माझी टाच दोन बोटांनी मागून दाबली, मी कळवळले. “मग हा नको,” म्हणत त्याने उजव्या पायाची नाडी सोडली.

उजव्या पायातही निंबस चढवला, अर्धा नंबर मोठा. पुढे अंगठ्याएवढी जागा सोडली. घोट्यापाशी जे सगळ्यात वरचं, बहुतेक लोक मोकळंच ठेवतात ते भोक असतं, त्यातून नाडीचा छोटा फास काढून त्याने समोरची नाडी त्यात ओवली आणि आवळली. टाच जागच्या जागी बसली. उतारावर पाऊल पुढे सरकून नखं काळी पडतात, ती या फासाने वाचतात. तो हळूहळू, मला दिसेल अशा बेताने बांधत होता, मग सोडून म्हणाला, “आता तुम्ही बांधा.” मी बांधलं. निंबसच्या टाचेखालची जाडी ४० मिलिमीटरच्याही किंचित पुढे जाते, आणि जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींसाठी २०२० पासून ४० चीच मर्यादा घातली आहे. ती बक्षिसांसाठी धावणाऱ्यांना. माझ्यासारखीला घाट चढून धडपणे खाली यायचं असतं.

क्लिफ्टन त्याने कागदात गुंडाळून खोक्यात परत ठेवला. पावसाळ्यात एक जोड भिजला की आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दोन दिवस सावलीत ठेवावा लागतो, तेव्हा कधीतरी दुसरा जोड घ्यावाच लागणार आहे. दिवाळीपर्यंत शीर सुटली तर तो क्लिफ्टन असेल.