भामरागडात 'दे दणादण'

पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी, आलापल्लीचा रस्ता बंद. रात्री शेजारच्या माडिया आदिवासी पोरांना मोबाईलवर महेश कोठारेंचा 'दे दणादण' (१९८७) दाखवला. पोलिसातल्या लक्ष्याच्या (लक्ष्मीकांत बेर्डे) अंगात अचाट बळ येतं. लाल रंग दिसला की ते गळतं. पोरांना मराठी बेताचंच, पण लक्ष्याने डोळे विस्फारले की धाकटा पोट धरून लोळायचा. हाँगकाँगच्या कँटोनीज 'पॉम पॉम'मध्येही (१९८४) असेच दोन धांदरट पोलीस आहेत. धडपडणं, आपटणं कुठल्याही मुलखात कळतं.

इथं खाकी म्हणजे बंदूक, छावणी, चौकशी. त्याच खाकीकडे बघून ही पोरं खळखळून हसली, याचं मला फार अप्रूप वाटलं. लक्ष्या रंगवणारे बेर्डे २००४ साली गेले, पण त्यांचं हसवणं अजून चालतं. कुणीतरी असा सिनेमा आता माडिया भाषेत करावा.