चांगलं चित्रच फाडावं

फाडायचंच असेल तर चांगलं चित्र फाडा, हे खामगावात माझ्याकडे येणाऱ्या मुलांना पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. बिघडलेल्या चित्रावर ब्लेड चालवताना कुणाचा हात अडत नाही. उलट, ‘बघा सर, शिल्प झालं’ म्हणत ते मोठ्या हौसेने दाखवतात. पण बिघडलेलं चित्र फाडलं की बिघडलेल्या चित्राचे तुकडे होतात, त्यापलीकडे काही होत नाही.

माझं काम थोडक्यात सांगायचं तर असं: कागदावर चित्र पुरं रंगवायचं आणि मग ते भिजवून, खरवडून, टोचून, फाडून, कधी जाळून त्याला उठाव आणि पोकळी द्यायची. त्यानंतर ते चित्र राहत नाही, शिल्प होतं. बाजूने उजेड आला की त्याची सावली पडते, त्याच्या कडेला जाडी असते, त्याच्या मागची बाजूही दिसते. ऐकायला हे विचित्र वाटतं, कारण कागदाला पाय लागला तर नमस्कार करणारी माणसं आपण. पालकांपैकी कुणीतरी दर वर्षी विचारतंच, एवढं छान काढलेलं फाडायला कशाला शिकवता? प्रश्न चुकीचा नाही. पण छान काढलेलं आहे म्हणूनच ते फाडण्याजोगं आहे.

१९५३ साली रॉबर्ट राउशेनबर्ग हा तरुण अमेरिकी चित्रकार विलेम डी कूनिंगकडे गेला आणि खोडून टाकण्यासाठी एक चित्र मागितलं. डी कूनिंग तेव्हा मोठं नाव होतं. त्याला ही कल्पना आवडली नव्हती, पण द्यायचंच तर जे गेल्याची आपल्याला चुटपुट लागेल आणि जे खोडायला जड जाईल असंच चित्र द्यायचं, असं त्याने ठरवलं. राउशेनबर्गने ते खोडलंही. ते शिल्प नव्हे, पण नियम तिथे स्पष्ट दिसतो. ज्याच्यावर घाव घालायचा त्यात आधी जीव हवा.

चित्राच्या कागदाला भोकं पाडायला एक शिल्पकार पुढे आला, याचं मला कधीच आश्चर्य वाटलं नाही. लुचिओ फोंताना अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात १८९९ साली जन्मला. बाप शिल्पकार, हाही शिल्पकार. १९४९ मध्ये त्याने कॅनव्हासवर चिकटवलेल्या पांढऱ्या कागदाला भोकं पाडली. कॅनव्हास चिरलेली त्याची प्रसिद्ध कामं नंतरची, १९५८ पासूनची. फोंताना कागदाला भोकं पाडत होता साधारण त्याच सुमारास जपानमध्ये शोझो शिमामोतो हा तरुण पैशाअभावी कॅनव्हासऐवजी वर्तमानपत्रांचे थर खळीने एकमेकांवर चिकटवून त्यावर रंगवत होता. पृष्ठभाग ओरखडताना थर फुटले, भोकं पडली, आणि त्याने ती भोकंच पुढे नेली. त्याचं १९५४ सालचं ‘होल्स’ हे काम आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. फोंतानाकडे सिद्धान्त होता, शिमामोतोकडे रद्दी होती. आमच्या भागातल्या मुलांना मी आधी शिमामोतो सांगतो.

आपल्याकडेही ही परंपरा नवी नाही. १९६३ साली दिल्लीत ‘ग्रुप १८९०’चं एकमेव प्रदर्शन भरलं, त्याचं उद्घाटन पंडित नेहरूंनी केलं. १८९० हे साल नव्हे, भावनगरच्या ज्या घरात हा गट ठरला त्याचा तो नंबर. त्या गटातल्या हिंमत शाह यांनी कागद जाळून कोलाज केले. पुढे ते मातीकडे आणि ब्राँझकडे वळले आणि शिल्पकार म्हणूनच ओळखले गेले. बंगालचे सोमनाथ होर यांची वाटही तशीच. १९४३ चा दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला, रेखाटला. १९७० च्या दशकात त्यांनी ‘वूंड्स’ ही मालिका केली. मातीच्या सपाट थराला जखमा करायच्या, त्यावरून सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्यात कागदाचा ओला लगदा दाबायचा. पांढऱ्यावर पांढरं, रंगाचा टिपूस नाही, फक्त व्रण. त्यानंतर तेही ब्राँझकडे गेले. काटेकोर बोलायचं तर होर यांनी कागद फाडला नाही, फाटलेलं अंग कागदात ओतलं. चित्रकार झरीना यांनी १९७७ मध्ये नुसत्या सुईने कागद टोचून रचना केल्या. मला या सगळ्यांत होर सर्वांत मोठे वाटतात, कारण त्यांच्या घावाला कारण होतं.

आता कागदाबद्दल, कारण निम्मं काम तोच करतो. खामगाव कापसाचं गाव. १८७० मध्ये जलंबहून इथवर रेल्वेचा फाटा आला आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उद्घाटनाला आले, ते कापसासाठीच. चित्राचा उत्तम कागदही कापसाचाच असतो. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद काही वर्षांत पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. कापसाचा कागद फाडला तर कडेला तंतूंची लव सुटते. ती लव हाच आमचा कच्चा माल. मशीनच्या कागदाला दिशा असते. वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ फाटतं, आडवं फाडलं तर वेडंवाकडं जातं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हातकागदाला अशी ठाम दिशा नसते, तो हाताचं ऐकतो. शेजारच्या जिल्ह्यात, दौलताबाद-खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात तुघलकाच्या काळापासून हातकागद होत आल्याचं सांगतात. जुन्या पद्धतीत तो खळ लावून दगडाने घोटत, म्हणजे लेखणी अडू नये. घोटलेला कागद लिहायला छान, फाडायला मात्र हट्टी.

हे सगळं एका चित्रात कसं जुळतं, याला लोणारच्या विवराचं उदाहरण देतो. आमच्या जिल्ह्यातला प्रत्येक चित्रकार लोणार रंगवतो आणि दहातल्या नऊ चित्रांत त्याची हिरवट बशी होते. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठ भोवतालच्या जमिनीहून साधारण २० मीटर उंच. काठाजवळ नीट बघितलं तर बेसॉल्टचे थर बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात. उल्केच्या आघाताने जमीन आत दबली, फुटली आणि ओठ बाहेर उलटले. जलरंगात ही गोष्ट सांगताच येत नाही. कागदात येते.

आधी चित्र पुरं करायचं: पाणी, काठावरचं झाड अन् झाड, देवळांचे दगड. कागद तीनशे जीएसएमचा, कापसाचा. वाळला की पालथा घालून विवराच्या जागी स्पंजने पाणी लावायचं आणि थांबायचं. कागद मऊ होतो, पण गळत नाही, ती वेळ बोटाला कळते. घाई केली तर लगदा होतो, उशीर केला तर पुन्हा कडक. मग मागून चमच्याच्या पाठीने दाबत फुगवटा आणायचा, मधोमध सुईने टोचून तिथून फाडत बाहेर यायचं. मागून ढकललेली फाट पुढच्या बाजूला ओठ काढते, पुढून ढकललेली आत वळते. लोणारला मागूनच ढकलावं लागतं, आघात वरून झालेला असला तरी. फाडताना ओढण्याची दिशा बदलली की पांढरी कड या तुकड्यावरून त्या तुकड्यावर जाते. जिथे रंगाचे थर जाड, तिथे फाट अडते, वळसा घेते. ज्याने झाडी मन लावून रंगवली त्याच्या चित्रात फाट झाडीशी थबकते. वरवर रंगवलेल्यात ती सरळ आरपार जाते. चांगलं चित्र फाडा म्हणतो ते यासाठी. अॅक्रिलिक असेल तर समोरून पाणी शिरतच नाही, सगळं मागूनच करावं लागतं.

जाळायला उदबत्ती पुरते. ज्योत नको, निखारा हवा. कडेचा तपकिरी पट्टा ठिसूळ असतो, त्याला पातळ खळ लावून धरावं लागतं. बुकबायंडर खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. चित्राच्या खळीत मोरचूद घालू नये, त्यातल्या तांब्यामुळे कागद हळूहळू कमजोर होतो. आणि हवा. एप्रिल-मेमध्ये खामगाव-मलकापूरच्या उन्हात खळ लावता लावता वाळते, कागद आखडतो आणि मनात नव्हते ते बाक येतात. पावसाळ्यात तेच काम सैल पडतं. बुलढाण्याला, घाटावर, हवा जरा मवाळ, म्हणून बारीक कामं तिथल्या मित्राकडे नेऊन करतो.

हाताला कुठे थांबवायचं, हे शिकवता येत नाही. पहिला घाव बहुतेकांचा चांगला पडतो. दुसऱ्यापासून हौस सुरू होते. चित्रभर भोकं असलेली कामं मी खूप बघितली आहेत, दिवाणखान्यात लावायला बरी, पण त्यात एकही भोक आवश्यक नसतं.

अशी कामं करणाऱ्यांना एक विनंती. मागच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवा: कुठली फाट तुमची, कुठला जाळ तुमचा, आणि पुरं झाल्याच्या दिवशीचा फोटो जोडा. पन्नास वर्षांनी कुणी दुरुस्तीला घेतलं तर वाळवीचं भोक आणि तुमचं भोक त्याला वेगळं करता आलं पाहिजे, नाहीतर तो बिचारा प्रामाणिकपणे तुमचं शिल्प बुजवून टाकेल. आणि विकत घेणाऱ्यांना दुसरी: फ्रेम खोल पेटीची करा, काच कागदाला टेकू देऊ नका, उजेड बाजूने सोडा, आणि काहीही झालं तरी ते लॅमिनेशनच्या दुकानात नेऊ नका.