पनवेलचे पुसट पट्टे

मैत्रिणींनो, पनवेल तुम्ही पाहिलेलं असतं, पण बहुधा एस.टी.च्या खिडकीतून. पुण्याला निघा, अलिबागला निघा, नाहीतर गणपतीसाठी कोकणात. गाडी पनवेलला थांबते, खिडकीतून वडापाव आत येतो, कंडक्टर घंटी मारतो आणि तुमचं पनवेल संपतं. आमचं तिथून सुरू होतं. लग्न होऊन मी इथे आले त्याला आता चौदा वर्षं झाली. टपाल नाका, मिरची गल्ली, लाइन आळी, वडाळे तलावाचा काठ... संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन फिरायला हे गाव अजून चांगलं आहे. फक्त रस्ता ओलांडायची वेळ येऊ नये!

रस्ता आणि वाहनं हे तसं या गावाचं जुनंच वेड. १८३० साली बोरघाटाचा रस्ता गाड्यांना खुला झाला. तेव्हा मुंबईची माणसं होडीने पनवेलला उतरायची आणि इथून पुण्याची वाट धरायची. बैलगाडीच्या चाकांसाठी पनवेल नावाजलेलं होतं. इथली नगरपालिका १८५२ सालची, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. १ ऑक्टोबर २०१६ ला तिची महानगरपालिका झाली. आज पुण्याचा जुना रस्ता गावाला लागून जातो, पळस्प्याहून गोव्याचा फाटा फुटतो आणि पलीकडे कळंबोलीला द्रुतगती मार्ग सुरू होतो. चहूकडून वाहनं येणार आणि मधे आपण, हातात मूल आणि पिशवी!

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. तिसरीच्या वर्गाला दरवर्षी रस्त्याचे नियम शिकवावे लागतात. "काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरूनच जायचं," हे वाक्य मी मुलांकडून घोकून घेतलं होतं. जून महिन्यातली गोष्ट. शाळा सुटली, आणि माझ्या वर्गातला एक शहाणा मुलगा पट्टे शोधत कडेला उभा राहिला. फाटकासमोर पूर्वी पट्टे होते. त्यांतले अलीकडचे दोनच काय ते दिसत होते. त्यांवरून तो नीट चालत गेला आणि पट्टे संपले तिथे, भर रस्त्यात थांबला. स्कूटरवाल्याने वळवायचा प्रयत्न केला, पण हँडल लागलंच. कोपराला चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी भेटायला गेले तर पोरगं मलाच म्हणतं, "बाई, पुढे पट्टे नव्हते ना!"

खरं सांगते, त्या रात्री मला झोप आली नाही. शिकवलं मी, आणि त्याने ऐकलं म्हणून त्याला लागलं.

तोवर हे पट्टे म्हणजे रस्त्याची शोभा, दारापुढच्या रांगोळीसारखी, असंच मीही समजत होते. मग वाचू लागले. सिग्नल नसला तरी पट्ट्यांवर आलेल्या माणसाला आधी जाऊ द्यायचं, हे २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे गाडीवाल्याचं कर्तव्य आहे. पण पट्टेच दिसत नसतील तर त्याला कळणार कसं आणि आपण हक्क तरी कुठे सांगणार?

वाचता वाचता एक बाई मला फार आवडली. अमेरिकेत कॅलिफोर्नियात जून मॅककॅरोल नावाच्या डॉक्टरीण बाई होत्या. १९१७ साली समोरून आलेल्या ट्रकमुळे त्यांची मोटार रस्त्याखाली गेली. रस्त्याच्या मधोमध रेघ असावी, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सुचवलं. कोणी दाद दिली नाही. तेव्हा बाईंनी स्वतः रंग घेतला आणि घराजवळच्या रस्त्यावर चार इंच रुंदीची पांढरी रेघ ओढली! मग बायकांच्या मंडळांना हाताशी धरून त्या पत्रं लिहीत राहिल्या, आणि १९२४ साली सरकारने ती रेघ मान्य केली. आपल्यासारख्या मंडळातल्या बायकाच त्या, हळदीकुंकवाऐवजी चहापान करणाऱ्या.

मी उत्साहाने म्हटलं, आपणही एका रविवारी रंगाचा डबा आणू. हे म्हणाले, "रस्ता सरकारी आहे, तुझं अंगण नव्हे. आणि त्या रंगावरून पावसात कोणी घसरलं म्हणजे?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं. साध्या गुळगुळीत रंगावरून ओल्या दिवसांत दुचाकी घसरते. (ह्यांचं म्हणणं बरोबर असतं तेव्हा मी लगेच कबूल करते, तशी वेळ क्वचित येते.)

मग अर्ज केला. पालक मंडळींतल्या आयांच्या चाळीस सह्या घेतल्या. पहिल्या कार्यालयात अर्ज वाचून साहेब म्हणाले, "हा रस्ता आमच्याकडे नाही." दुसऱ्या ठिकाणीही तेच. तेव्हा कळलं की आपल्याला एकच वाटणाऱ्या रस्त्याचे धनी वेगवेगळे असतात. राष्ट्रीय महामार्ग एकाकडे, काही रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, सिडकोने वसवलेल्या भागातले रस्ते आधी सिडकोकडे आणि हस्तांतर झालं की महानगरपालिकेकडे. तेव्हा तुम्ही अर्ज कराल तर आधी रस्ता कोणाचा ते विचारा, ठिकाण खुणेसह लिहा, दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन फोटो जोडा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. आमचे दोन महिने नुसते चुकीच्या दारात गेले.

तिसऱ्या दारात होकार मिळाला, पण पावसाळा संपेपर्यंत थांबा म्हणाले. राग आला होता; पण ओल्या, धुळीच्या रस्त्यावर रंग धरतच नाही. ओल्या कढईत तेल घातलं तर काय होतं ते आपल्याला सांगायला नको.

दिवाळीनंतर एका रात्री दहा वाजता कामगार आले. मी आणि शेजारच्या वहिनी शाली घेऊन पाहायला गेलो. पाहण्यासारखंच होतं हो! पांढरी पूड मोठ्या भांड्यात गॅसवर वितळवतात. जवळजवळ दोनशे अंशांपर्यंत तापवतात म्हणे. घट्ट पाकासारखी झाली की ढकलगाडीत ओततात आणि दोरीने आखलेल्या जागी गाडी ओढत नेतात. मागे पट्टा उमटत जातो. पट्टा अर्ध्या मीटरचा आणि मधली मोकळी जागाही तेवढीच. गरम असतानाच वरून काचेचे बारीक मणी भुरभुरायचे, अनारशावर खसखस लावतो तसे. गाडीच्या दिव्याचा उजेड ह्या मण्यांत शिरून पुन्हा दिव्याच्याच दिशेला परततो, म्हणून रात्री पट्टा चमकतो. मुकादम म्हणाला, "ताई, बॅटरी डोळ्याजवळ धरून बघा." मी मोबाइलची बॅटरी कपाळाशी धरली, आणि सातही पट्टे लख्ख उजळले. तुमच्या दारच्या रस्त्यावर मणी टाकलेत की नाही, हे असंच पाहता येईल. पाऊस पडत असला की मात्र मण्यांवर पाणी चढतं आणि चमक जाते. नेमकी गरज असते तेव्हाच!

ब्रशने मारलेला साधा रंग वर्दळीच्या रस्त्यावर काही महिन्यांत जातो. हा नीट मारला तर दोन-तीन वर्षं टिकतो. "टिकतो, पण टिकू दिला तर," मुकादम म्हणाला. नवा रस्ता झाला की नारळ फुटतो, फीत कापतात. पट्टे पुन्हा मारले म्हणून कोणी नारळ फोडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मुकादमाचे शब्द फेब्रुवारीत खरे ठरले. कसलीशी पाइप टाकायला रस्त्याच्या कडेने चर खणला. चर बुजवला, वर डांबर ओतलं, आणि शाळेच्या बाजूचे दोन पट्टे त्या डांबराखाली गेले. म्हणजे ह्या वेळी पट्टे पलीकडे आहेत आणि आमच्या मुलांना पहिलं पाऊल काळ्यावरच टाकावं लागतं.

तो मुलगा आता चौथीत गेलाय. परवा शाळा सुटल्यावर माझा हात धरून म्हणाला, "बाई, पाचच राहिलेत." कोपरावरचा व्रण अजून दिसतो.

नवा अर्ज लिहून झालाय. ह्या वेळी दार माहीत आहे. सह्यांसाठी तो शाळेच्या फाटकापाशी शिपाईमामांकडे ठेवलाय. काल संध्याकाळपर्यंत सव्वीस झाल्या होत्या.