दहा मिनिटांचे अंडे

अंडे उकडण्यात शिकण्यासारखे काय असते, असे तुम्हाला वाटत असेल तर आपण एकाच पंक्तीतले आहोत. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही तसेच वाटत होते. माझे माहेर कोकणातले, मासळी-अंडी खाणारे. सासर मात्र पुण्यातले, चातुर्मासात कांदा-लसूणही वर्ज्य मानणारे. लग्नानंतर तेवीस वर्षे मी या स्वयंपाकघरात अंडे आणले नाही. मुले बाहेर खात. सासूबाईंना ते ठाऊक होते, पण त्या विचारत नसत आणि आम्ही सांगत नसू. बहुतेक घरे अशीच सलोख्याने चालतात.

मग सासूबाई स्नानगृहात घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट पार पडली. पण महिनाभराच्या अंथरुणाने मांड्या इतक्या बारीक झाल्या, की वॉकर धरून चार पावले टाकताना त्या थरथरत. आहारतज्ज्ञ बाईंनी हिशेब मांडला. या वयात, आणि त्यातही अशा आजारपणानंतर, दर किलो वजनामागे निदान एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. सासूबाईंचे वजन 46 किलो. म्हणजे दिवसाला साधारण 50 ग्रॅम. त्यांचा आमटी-भात, अर्धी पोळी आणि वाटीभर दही धरून निम्म्यापर्यंतही मजल जात नव्हती. ब-12 जीवनसत्त्वही फार कमी निघाले होते. डाळी, पनीर, सोयाबीन यांची यादी झाल्यावर बाई चाचरत म्हणाल्या, "अंडे चालेल का?" एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि आजाऱ्याला लहान घासात ती मिळतात, हे त्यांचे म्हणणे होते.

खोलीत शांतता पसरली. उत्तर सासूबाईंनीच दिले. "औषध म्हणून घेईन. पण माझ्या देवघराशेजारी शिजवायचं नाही."

कुणीतरी सुचवले होते, की त्यांना न सांगता दुधात कच्चे अंडे फेटून द्यावे. तालमीतले पैलवान पितातच की. ते आम्ही दोन कारणांनी नाकारले. पहिले सांगायला नकोच. ज्या बाईने आयुष्यभर एक नेम पाळला तिला फसवून काही भरवायचे, हे माझ्याने झाले नसते. दुसरे कारण वैद्यकीय आहे आणि ते तुम्हीही लक्षात ठेवावे. कच्च्या अंड्यातली प्रथिने शरीर जेमतेम निम्मी शोषून घेते, शिजवलेल्यातली मात्र नव्वद टक्क्यांच्या घरात. शिवाय साल्मोनेला जंतूंची भीती असते ती निराळीच; वृद्धांना आणि लहान मुलांना तो त्रास फार जड जातो.

तेव्हा गॅलरीत एक जुनी शेगडी मांडली, एक पातेले वेगळे काढले आणि माहेरच्या आत्मविश्वासाने मी अंडी पाण्यात टाकली. कच्ची राहू नयेत म्हणून चांगली पंचवीस मिनिटे खळखळा उकळली. सोलली तेव्हा निम्मे पांढरे कवचालाच चिकटून आले. कापल्यावर बलकाभोवती हिरवट-करडे कडे दिसले. सासूबाईंनी बशी नाकाशी नेली आणि खाली ठेवली. "हे नासलंय गं," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी काहीच खाल्ले नाही. ज्यांनी तेवीस वर्षांचा नव्हे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा संकोच बाजूला सारला, त्यांच्यासमोर मी असे काही ठेवले याची मला फार लाज वाटली. माहेरी अंडे नेहमी वाटणात, रश्श्यात जायचे. नुसत्या अंड्याला वास असतो हे मला खरोखर ठाऊकच नव्हते.

अंडे नासलेले नव्हते. पांढऱ्या भागातल्या प्रथिनांमध्ये गंधक असते. जास्त वेळ तापले की त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. तोच तो वास. हा वायू आत सरकतो, बलकातल्या लोहाला भेटतो आणि त्या सीमेवर लोहाचे हिरवट सल्फाइड तयार होते. ते अपायकारक नसते, पण आजारी माणसाची वासना मारायला पुरेसे असते. याचा अर्थ असा, की ही चूक टाळण्यासाठी मसाला नव्हे, घड्याळ लागते.

आणि फार उष्णताही लागत नाही. पांढरे साधारण 62 अंशांना आळू लागते, बलक 70 अंशांच्या आसपास घट्ट होतो. म्हणून पाणी उसळत ठेवून काहीच साधत नाही. अंडी एकमेकांवर आपटून तडकतात एवढेच. पाणी हलके बुडबुडत राहिले की पुरे.

सोलताना येणाऱ्या खड्ड्यांचे कारण मला अधिक उशिरा उमगले. सासूबाईंसाठी म्हणून मी मुद्दाम ओळखीच्या बाईंकडून त्याच दिवशीची गावठी अंडी आणत होते, आणि ती सर्वांत वाईट सोलली जात होती! ताज्या अंड्यातला कार्बन डायऑक्साइड हळूहळू कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून निघून जातो, तसे पांढरे अधिक अल्कधर्मी होते आणि आतल्या पापुद्र्याला कमी चिकटते. उकडायला आठवड्याभराची अंडीच बरी. ती किती जुनी आहेत हे पाण्यात टाकून कळते. आडवे पडले तर ताजे, बुडाशी उभे राहिले तर जुने पण खाण्याजोगे, तरंगले तर टाकून द्यावे. थंड पाण्यात घालून सावकाश तापवले तरीही पांढरे पापुद्र्याला धरून बसते. उकळत्या पाण्यात सोडले की चटकन आळून सुटे होते. पाण्यात मीठ घातल्याने सोलणे सोपे होते असे सांगतात, तसा अनुभव मला आला नाही. एखादे अंडे तडकलेच तर मिठाने बाहेर आलेले पांढरे लवकर गोठते, इतकाच त्याचा उपयोग.

आता माझी रीत सांगते. अंडी फ्रिजमधून अर्धा तास आधी काढून ठेवावीत आणि उकडण्याच्या वेळीच धुवावीत. आधी धुऊन साठवू नयेत. अंड्यांवर दोन बोटे पाणी येईल असे पातेले निवडावे. पाण्याला उकळी आली, की आच कमी करून झाऱ्यावर एकेक अंडे अलगद सोडावे आणि तेव्हापासून घड्याळ पाहावे. आपल्याकडची अंडी सहसा 50 ते 55 ग्रॅमची असतात. त्यांना दहा मिनिटे पुरतात. थेट फ्रिजमधली असतील तर बारा. पुण्याच्या उंचीवर पाणी 98 अंशांच्या जवळपास उकळते, त्याने फारसा फरक पडत नाही. महाबळेश्वरला मात्र मिनिट-दोन मिनिटे अधिक धरावीत.

दहा मिनिटे संपताच अंडी गार पाण्यात घालावीत, कारण आतली उष्णता शिजवण्याचे काम चालूच ठेवते आणि ते हिरवे कडे याच वेळी उमटते. इथे मी एकदा फसले. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी नळाला कोमट येते, हे ध्यानात आले नाही. तेव्हापासून माठातले पाणी घेते, बर्फ असेल तर चार खडेही टाकते. दहा मिनिटांनी अंड्याचा बोथट भाग ओट्यावर टिचवावा. तिथे हवेची पोकळी असते. मग तळहाताखाली हलके फिरवून, पाण्याच्या धारेखाली सोलावे. उरलेली अंडी न सोलता फ्रिजमध्ये ठेवल्यास आठवडाभर टिकतात. परत गरम करायची असतील तर गरम पाण्यात ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये अख्खे उकडलेले अंडे फुटते आणि चेहरा भाजू शकतो.

मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलबद्दल बजावले असेल, तर किती अंडी घ्यायची हे त्यांनाच विचारावे. कुणाला अंड्याची ॲलर्जी असेल तर प्रश्नच मिटला.

पाचव्या-सहाव्या दिवशी मला पहिले नीट अंडे जमले. पिवळाधमक बलक, कुठे कडे नाही, वास नाही. चार फोडी केल्या, सैंधव आणि मिरपूड भुरभुरली. सासूबाईंनी डोळे मिटून पहिली फोड खाल्ली, दुसरी डोळे उघडून. "बटाट्यासारखंच आहे की," म्हणाल्या. मी गॅलरीत घड्याळ विसरते म्हणून वेळ पाहण्याचे काम त्यांनी आपल्याकडे घेतले. त्यांच्या लयीत रामरक्षा म्हणायला जवळपास तेवढाच वेळ लागतो, असे मी सहज बोलून गेले, तर रागावल्या. "त्यासाठी रामरक्षा नाही म्हणायची हं!" भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत त्या मिनिटे मोजू लागल्या.

चार महिने रोज एक अंडे, कधी दोन. जोडीला व्यायाम होताच, ताक-पनीर-डाळी होत्या; त्यामुळे सगळे श्रेय अंड्याचे असे मी म्हणणार नाही. त्या काठी घेऊन कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत गेल्या त्या दिवशी परत येऊन म्हणाल्या, "आता पुरे. औषध संपलं." मी आग्रह केला नाही. ब-12 साठी गोळी सुरू आहे, आणि सकाळी थालीपिठाबरोबर वाटीभर चक्का असतो.

शेगडी मात्र गॅलरीतच राहिली. मी कधी माझ्यासाठी दोन अंडी उकडायला ठेवते आणि वर्तमानपत्रात गुंतते, तेवढ्यात आतून आवाज येतो, "अगं, दहा झाली. उतरव आता!"