उकिरड्यातल्या चिंध्या

आजच्या कैरो शहरात फुस्तात नावाची जुनी वस्ती आहे. ११६८ साली ती जळाली, मग तिथे उकिरडा झाला. त्यातून निघाल्या गुजरातेतल्या सुती कापडाच्या चिंध्या! कोरड्या हवेने त्या टिकल्या. निळीचा रंग, ठशांची वेलबुट्टी अजून दिसते. कुठे शिवणही आहे. पर्सी न्यूबेरी या अभ्यासकाने इजिप्तमध्ये अशा हजारावर चिंध्या जमवल्या. १९४६ साली त्या ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाला मिळाल्या.

पण तो कापूस कुणी वेचला, सूत कुणी कातले, याची नोंद कुठेच नाही.

मंडळी, आजीची गोधडी टाकण्याआधी तिच्या लुगड्याचा हातभर काठ राखून ठेवा. सोबत चिठ्ठीवर तिचे नाव लिहायला विसरू नका.