ब्रेकर पडलाच पाहिजे, असं मी म्हणायचो

वीज साखर कारखान्यात जाते तशीच दवाखान्यात जाते, हे माझं ठाम मत होतं आणि ते मी चारचौघांत ठणकावून सांगायचो. व्होल्टेज तेच, वायर तीच, शॉकही तोच. मग रुग्णालयातल्या इलेक्ट्रिशियनने वेगळं ते काय शिकायचं? कुणी 'मेडिकल इलेक्ट्रिकल सेफ्टी' वगैरे शब्द काढले की मला ती ट्रेनिंगवाल्यांची पैसे उकळायची युक्ती वाटायची. आमच्या धंद्यात सुरक्षिततेची व्याख्या एका ओळीची: दोष आला की सप्लाय तुटला पाहिजे, आणि लवकरात लवकर तुटला पाहिजे. पडतो तो ब्रेकर चांगला. पडत नाही तो बदलून टाकायचा.

कारखान्यात हे मत बरोबरच होतं आणि आजही आहे. मोटरच्या बॉडीत फेज उतरला आणि कुणाचा हात लागला, तर आधी वीज जायला हवी. मशीन थांबलं, शिफ्ट बुडाली, साहेब ओरडले तरी चालेल. घरी गीझरलाही तोच न्याय. तुमच्या घरात 30 मिलिॲम्पियर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी नसेल तर हे वाचन बाजूला ठेवा आणि आधी तो बसवून घ्या. पण या सगळ्यात आपण एक गोष्ट गृहीत धरलेली असते: वीज गेल्याने कुणाचा जीव जात नाही. कारखान्यातून रुग्णालयाच्या मेंटेनन्सला आलो तेव्हा हे गृहीतही मी सोबत घेऊन आलो होतो.

ऑपरेशन थिएटरमध्ये ते चालत नाही. टेबलावरच्या माणसाला भूल दिलेली, श्वास व्हेंटिलेटरवर, औषध सिरिंज पंपातून मोजून चाललेलं. अशा वेळी सक्शन मशीनच्या जुनाट कॉर्डमध्ये ओल शिरली आणि सगळ्यांच्या डोक्यावर असलेला एकच आरसीसीबी पडला, तर दोष सक्शनचा आणि शिक्षा व्हेंटिलेटरला. 'यूपीएस आहे, जनरेटर आहे' असं मीही म्हणायचो. पण ते महावितरणची वीज गेली तर कामाचे. ब्रेकर त्यांच्या खाली पडला तर दोघंही नुसते बघत राहतात. मशीनमध्ये स्वतःची बॅटरी असते, हे खरं. ती किती जुनी झाली आहे ते मात्र बहुधा त्याच क्षणी कळतं.

हे पटलं तरी मी हटून बसलो होतो. मला हलवलं ते एका साध्या भागाकाराने. ज्या उपकरणाचा संबंध थेट हृदयाशी येतो, उदाहरणार्थ तात्पुरत्या पेसमेकरची तार, त्यातून रुग्णाच्या अंगात नेहमीच्या स्थितीत जास्तीत जास्त 10 मायक्रोॲम्पियर गळती चालते, असं आयईसी 60601 हे वैद्यकीय उपकरणांचं मानक सांगतं. माझा आरसीसीबी 30 मिलिॲम्पियरचा. म्हणजे 3000 पट. आपल्याला शॉकपासून बऱ्यापैकी वाचवते ती कोरडी कातडी. तार आत गेलेल्या रुग्णाला ते चिलखत नसतं. बोटाला करंट जाणवायलाच साधारण अर्धा ते एक मिलिॲम्पियर लागतो. तेव्हा एका हाताने कॉट आणि दुसऱ्या हाताने ती तार धरणाऱ्या सिस्टरला मुंगीही चावल्यासारखं होणार नाही, आणि तिकडे हृदयाची लय बिघडू शकते. आरसीसीबीला तर याचा पत्ताही नसतो. ज्या डबीच्या भरवशावर मी निवांत होतो, ती या कामासाठी बनवलेलीच नव्हती.

मग थिएटरमध्ये लावतात काय? आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. 230 व्होल्ट आत, 230 व्होल्टच बाहेर. कारखान्यातला माणूस हे बघून हसतो, मीही हसलो: व्होल्टेज बदलायचंच नाही तर ट्रान्सफॉर्मर कशाला? त्याच्या बाहेरच्या बाजूची कुठलीही तार अर्थला जोडलेली नसते, सगळी करामत तिथे आहे. अशा सॉकेटमध्ये टेस्टर घाला. दोन्ही भोकांत मिणमिणतो. मीटर लावा, दोन तारांमध्ये 230, पण कुठल्याही एका तारेपासून अर्थपर्यंत मोजलं तर साधारण निम्मं, तेही हलतं-डुलतं. आयुष्यभर 'फेजला पेटतो, न्यूट्रलला पेटत नाही' यावर जगलेल्या वायरमनला पहिली शंका येणार की न्यूट्रल तुटला. आणि तो इमानदारीत, भलं करायला म्हणून, एक तार अर्थला बांधून मोकळा होईल. टेस्टर नेहमीसारखा पेटेल, वायरमन समाधानाने घरी जाईल, आणि लाखोंची ती व्यवस्था त्या क्षणी मेलेली असेल. न शिकलेल्यापेक्षा अर्धवट शिकलेला इथे जास्त धोक्याचा, आणि मी दुसऱ्या वर्गातला होतो.

या व्यवस्थेत एखाद्या मशीनची एक तार बॉडीला चिकटली तरी ब्रेकर पडत नाही. करंटला परत जायला वाटच नसते. जाते ती किरकोळ गळती. ऑपरेशन चालू राहतं. मात्र भिंतीवरच्या छोट्या पॅनलवर हिरव्याच्या जोडीला पिवळा दिवा लागतो आणि बझर वाजतो, कारण इन्सुलेशन 50 किलोओहमपर्यंत घसरलं आहे. बझर बटण दाबून गप्प करता येतो. पिवळा दिवा मात्र दोष जाईपर्यंत विझवता येत नाही, येऊ नये अशीच रचना असते. या पहिल्या दोषाने लगेच काही बिघडत नाही; पण तो तसाच ठेवला आणि दुसऱ्या तारेवर दुसरा दोष आला, तर ज्याला टाळायचं होतं तोच ब्रेकर पडतो. म्हणून केस संपली की एकेक मशीनचा प्लग काढत जायचं आणि कुठल्या प्लगला पिवळा दिवा विझतो ते बघायचं. ते मशीन बाजूला, त्यावर कागद चिकटवून, बायोमेडिकलकडे. यात कसलीही जादू नाही. फक्त तो दिवा कशाचा हे कुणाला तरी माहीत असावं लागतं. बझर दाबून 'तो असाच वाजतो' म्हणणारे थिएटरात पुष्कळ भेटतात.

आणखी एक बारीक गोष्ट, प्लगची. युरोपातून आलेल्या मशीनला गोल दोन पिनांचा जाडजूड प्लग असतो. त्याची अर्थिंग पिनेत नसते, कडेच्या पत्रीत असते. आपल्याकडच्या 'कुठलाही प्लग चालतो' छाप मल्टीसॉकेटमध्ये तो झकास बसतो, मशीन सुरू होतं, सगळे खूश. अर्थ मात्र कुठेही टेकलेला नसतो. थिएटरमध्ये टेबल, पेंडंट, गॅसचे पाइप, सॉकेटची अर्थ, हे सगळं एका पट्टीला हिरव्या-पिवळ्या वायरने जोडतात, आणि त्या जोडाचा रोध 0.2 ओहमच्या वर जाऊ नये असं आयईसी 60364 चा 710 वा भाग सांगतो. एवढी मेहनत करून शेवटच्या वितीवर पन्नास-शंभर रुपयांचा अडॅप्टर लावायचा, हे आपल्याकडे सर्रास चालतं.

विरुद्ध बाजूही सांगायला हवी, कारण ती माझीच बाजू होती. 1971 मध्ये राल्फ नेडर यांनी अमेरिकेत एका महिलांच्या मासिकात लिहिलं, की तिथल्या रुग्णालयांत वर्षाला किमान 1200 रुग्ण विजेच्या धक्क्याने मरतात. त्या आकड्याला पुरावा कधी मिळाला नाही. पण त्या भीतीवर यंत्रं भरपूर खपली. मी हे उदाहरण वादात हुकमी वापरायचो. आजही मला वाटतं की ओपीडीत आणि साध्या वॉर्डात आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा म्हणणारा सल्लागार आपलं दुकान चालवतो. त्या 710 व्या भागातच खोल्यांचे तीन गट आहेत, 0, 1 आणि 2, आणि ही व्यवस्था तिसऱ्या, म्हणजे थिएटर आणि आयसीयूच्या गटासाठी आहे. तिथेही एक्स-रेसारख्या मोठ्या मशीनला आरसीसीबीच चालतो. आकडा निराधार निघाला म्हणून भागाकार चुकत नाही, एवढंच माझ्या उशिरा ध्यानात आलं.

ब्रेकरवरचा माझा विश्वास दुसऱ्या टोकानेही ढळला. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयूला आग लागली. त्या घटनांचा निवाडा करणारा मी कोण? पण त्यानंतर मी आमच्याकडचे प्लग हाताने चाचपायला लागलो. घरची इस्त्री अर्धा तास चालते. बाळाचा वॉर्मर आणि आयसीयूचा एसी रात्रंदिवस चालतात. सॉकेटमधला स्क्रू जरासा सैल असेल तर तिथे उष्णता साठते, प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी. करंट मात्र नेहमीइतकाच असतो, म्हणून एमसीबी जागचा हलत नाही. खोलीत ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून थोडा जरी वाढलेला असला तरी तिथली ठिणगी घरच्या ठिणगीसारखी वागत नाही. म्हणजे एका खोलीत ब्रेकर पडायला नको, आणि दुसऱ्या खोलीत जो धोका आहे तो त्याला दिसतच नाही. मग माझ्या एका ओळीच्या व्याख्येत राहिलं काय?

फायर ऑडिटच्या फायली आता सगळीकडे झाल्या आहेत. फायलींवरचं माझं मत बदललेलं नाही; सैल स्क्रू फायलीने आवळला जात नाही.

रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरांना आणि ट्रस्टींना माझी विनंती आहे. नवं थिएटर बांधताना वायरमनला रंगकाम झाल्यावर नव्हे, आराखड्याच्या वेळी बोलवा. तारतंत्री किंवा वीजतंत्री म्हणून आयटीआय करून आलेल्या पोराला आठवडाभर थिएटरात उभं करा, भूलतज्ज्ञाच्या शेजारी, म्हणजे कुठलं मशीन किती वेळ बंद राहिलं तर चालेल हे त्याला त्यांच्या तोंडून कळेल. इन्सुलेशनचा पॅनल दाराआड लावू नका, सिस्टरला दिसेल असा लावा, आणि त्याचं टेस्ट बटण रोज सकाळी पहिल्या केसआधी कुणी दाबायचं ते नावानिशी ठरवून द्या.